एसीतून वास येतोय? आधी तो कधी येतो ते बघा

नागपुरात एसीच्या वासाची ओरड ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कमी आणि मृगाचा पाऊस पडल्यावर जास्त असते. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर चालतो आणि एसी लागतो तो बहुधा रात्री. हवा इतकी कोरडी असते की कूलिंग कॉइलवर पाणी जेमतेम जमतं. पण त्याच दिवसांत उन्हाळी वाऱ्याची बारीक धूळ फिल्टर ओलांडून कॉइलच्या फिनमध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, जाऊन बसते. जूनच्या मध्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो आणि एसी तासन्‌तास चालू राहतो. दीड टनाचा एसी तेव्हा तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज गाळतो. साचलेली धूळ भिजते, अंधारात ओलीच राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. म्हणून मार्चमध्ये एकदा सर्व्हिसिंग करून निश्चिंत होणं इथे पुरत नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, कॉइल पुन्हा धुतलेली बरी. वर्षातून एकच सर्व्हिसिंग परवडत असेल, तर ती मार्चऐवजी जूनमध्ये करा.

वास कुठून येतो हे शोधायला नाकापेक्षा घड्याळ जास्त कामाचं. एसी सुरू केल्यावर पहिली दोन-चार मिनिटं कुबट, ओल्या मोज्यांसारखा वास येतो आणि मग कमी होतो, किंवा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पुन्हा जाणवतो, तेव्हा दोष कॉइल, ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा) किंवा ड्रेन ट्रेचा (गळलेलं पाणी जमतं ती).   कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत असतो, कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत उडतं आणि वास बरोबर घेऊन येतं. गटारासारखा वास एसी बंद असतानाही येत असेल, तर ड्रेन पाइपवर संशय घ्या. कुजका, दिवसागणिक वाढणारा वास बहुधा मेलेल्या पालीचा किंवा उंदराचा. जळका वास आला, तर पुढचं काहीही वाचण्याआधी एमसीबी (बोर्डवरचा एसीची वीज तोडणारा स्विच) खाली पाडा.

आणखी एक खात्री करून घ्या. एसी पूर्ण बंद ठेवून, दार लावून, अर्ध्या तासाने खोलीत शिरा. तेव्हाही तोच वास असेल, तर तो खोलीचा आहे: ओल धरलेली भिंत, गादी, कपाटामागचा कोपरा किंवा शेजारच्या खोलीतल्या कूलरचं जुनं वुडवूल. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. फोडणीचा, उदबत्तीचा, सिगारेटचा वास कॉइलवर चिकटून दुसऱ्या दिवशी परत येतो तो यामुळेच. विंडो एसीचं मात्र वेगळं आहे. त्याच्या पॅनलवर किंवा जाळीमागे एक छोटी खटकी असते, ती उघडी राहिली की बाहेरची हवा आत येते. घर नाग नदीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या काठावर असेल, तर आधी ती खटकी बंद करा. कधी कधी तेवढंच पुरतं.

कुबट वास

एमसीबी बंद करा. नुसत्या रिमोटने बंद केलेल्या एसीत वीज असतेच. पुढचं पॅनल उचला, फिल्टर काढा आणि मागच्या बाजूने नळाचं पाणी सोडा, म्हणजे धूळ ज्या बाजूने बसली त्याच बाजूने निघून जाईल. पाणी कोमट चालेल, कढत नको, जाळीची चौकट वाकते. स्वयंपाकघराजवळच्या एसीचा फिल्टर तेलकट होतो, त्याला थोडं भांड्याचं लिक्विड लावा. सावलीतच वाळवा. नागपूरच्या उन्हात अर्ध्या तासात वाळेल हे खरं, पण प्लास्टिक तडकेल. उन्हाळ्यात हे काम दर दोन आठवड्यांनी करायचं. घराशेजारी बांधकाम किंवा रस्त्याचं खोदकाम सुरू असेल, तर दर आठवड्याला.

फिल्टर धुऊनही वास राहिला, की टॉर्च घेऊन दोन ठिकाणी बघा. फिल्टरच्या मागे कॉइलच्या फिनवर राखाडी थर दिसतो का? आणि खालच्या झडपा हाताने हळूच उघडून आत डोकावलं, तर लांबट नळकांडीसारख्या ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके दिसतात का? हा ब्लोअर फार जणांच्या नजरेतून सुटतो. कॉइल चकाचक धुतली आणि ब्लोअर तसाच राहिला, की चार दिवसांत वास परत हजर.

कॉइल घरी धुता येते. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा भांड्याचं लिक्विड घाला आणि स्प्रे बाटलीत भरा. इनडोअर युनिटच्या ज्या बाजूला सर्किट आणि वायरी आहेत (बहुधा उजवी), ती बाजू प्लास्टिकच्या पिशवीने आणि टेपने नीट झाका. खाली जुनी चादर अंथरा. कॉइलवर वरून खाली फवारा मारा, दहा मिनिटं थांबा, मऊ ब्रशने फिनच्या दिशेनेच, म्हणजे उभा, हात फिरवा आणि मग साध्या पाण्याने धुवा. आडवा ब्रश मारला की फिन दुमडतात आणि हवा अडते. कॉइल क्लीनरचा फोम सीताबर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळतो. तो वापरायचा असेल तर डब्यावर ‘अॅल्युमिनियमला चालेल’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. तोंडाला मास्क लावा, दमेकरी माणसाला खोलीबाहेर ठेवा.

ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड कॉइलला लावू नका. अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि पुढे गॅस गळाला तर कॉइल बदलण्याचा खर्च येतो. फिल्टरमध्ये डांबराच्या गोळ्या अडकवणं किंवा ट्रेमध्ये फिनाईल ओतणं तर त्याहून वाईट, कारण ते सगळं रात्रभर तुमच्याच छातीत जातं. अत्तर, फ्रेशनर वगैरे मारल्याने कुबट वासाला गोड वास चिकटतो, एवढंच.

ब्लोअर घरी काढायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी ड्रेन ट्रे सोडवावी लागते, मोटरचा स्क्रू ढिला करावा लागतो, आणि पात्यांचा तोल बिघडला तर एसी खडखडायला लागतो. मेकॅनिकला बोलावताना मात्र स्पष्ट सांगा की ब्लोअर आणि ट्रे काढून धुवायचे आहेत. नुसतं ‘सर्व्हिसिंग’ म्हटलं, तर पंधरा मिनिटांत पाण्याचा फवारा मारून माणूस मोकळा होतो. त्याने काढलेली ट्रे एकदा हातात घेऊन बघा. तळाला बोटाला लागणारा बुळबुळीत थर असतो, शेवाळ आणि जिवाणूंचा. वासाचा अर्धा कारखाना तोच.

गटाराचा वास

फ्लॅटमध्ये ड्रेन पाइप बरेचदा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखाली पाणी साचून गटाराची हवा अडवणारा भाग) किंवा थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसलेला असतो. पाणी चालू असताना चालून जातं. पण हिवाळ्यात एसी महिनोन्‌महिने बंद असतो आणि उन्हाळ्यात हवा पाणी शोषून घेते. पाइपातलं किंवा ट्रॅपमधलं पाणी आटलं, की गटाराची हवा सरळ इनडोअर युनिटपर्यंत चढते.

परीक्षा सोपी आहे. पाइपाचं टोक बाहेर ओढा, रिकाम्या बादलीत सोडा आणि जिथून काढलं ते तोंड ओल्या फडक्याने बंद करा. एका दिवसात वास गेला, तर कारण सापडलं. कायमचा उपाय म्हणजे टोक नहाणीच्या जाळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर मोकळं ठेवणं. पाणी जाळीवर पडू द्या, आत खुपसू नका. सांडपाण्याच्या पाइपाला जोडण्यावाचून पर्याय नसेल, तर प्लंबरकडून यू-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, बसवून घ्या आणि एसी बंद असलेल्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा त्यात लिटरभर पाणी ओता. एसीच्या पाइपातून ओतता येत नसेल, तर ट्रॅपच्या तोंडातून.

बाल्कनीतल्या बादलीत एसीचं पाणी जमा करायची आपल्याकडे पद्धत आहे. फरशी पुसायला ते उत्तमच, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, त्यात धूळ आणि धातूचे अंश असतात. पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. पाण्याचा निचरा अडतो, ट्रे तुंबते, आणि साचलेल्या बादलीत डासांची अंडी पडतात ती वेगळीच.

निचरा तपासायला ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी सोडा. ते विनाखंड बाहेर आलं पाहिजे. थांबून थांबून येत असेल, तर पाइपात शेवाळ आहे किंवा पाइप मध्येच उंचावला आहे. पाइपाला दर मीटरला किमान सेंटिमीटरभर उतार हवा आणि कुठेही झोका नको. बाहेरच्या टोकाला मच्छरदाणीची बारीक जाळी बांधू नका, शेवाळ अडकून पाणी उलटं भिंतीवर उतरतं.

पाल, वायर आणि गॅस

पाली पाइपाच्या भोकातून येतात. कुजका वास असेल तर ब्लोअरच्या कोपऱ्यात, ट्रेखाली आणि आउटडोअरच्या सर्किटच्या डब्यात बघायला सांगा. आउटडोअरमध्ये पाल मेली असेल तर नुसता वासच नाही, सर्किट शॉर्ट होण्याचीही शक्यता असते. काढून झाल्यावर भिंतीतलं भोक पुट्टीने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. हे राहिलं, तर पुढची पाल येणारच.

जळका वास ‘खूप दिवसांनी लावला म्हणून’ येत नाही. फक्त थंड करणाऱ्या एसीत धूळ जाळेल असं तापणारं काही नसतं. ढिला स्क्रू, तापलेला प्लग, कपॅसिटर, पंख्याची मोटर किंवा सर्किट यांपैकी काहीतरी जळतंय. प्लास्टिक तापलं की वास कधी कधी मासळीसारखा येतो, त्यामुळे लोक फसतात. एमसीबी पाडा, प्लग थंड झाल्यावर काढा आणि त्याच्या पिनांजवळ तपकिरी डाग आहे का बघा. डाग दिसला, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला, तर जुन्या सॉकेटची ढिली पकड नवा प्लगही जाळते. उन्हाळ्यात व्होल्टेज पडल्यावर हा त्रास वाढतो. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पंख्यावर भागवा.

गॅसबद्दल थोडं. आर-२२, आर-४१०ए, आर-३२ या एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसांना जवळजवळ वास नसतो, त्यामुळे ‘वास येतोय म्हणजे गॅस गळतोय, भरून घ्या’ असं कुणी म्हटलं तर पैसे देण्याआधी पुरावा मागा. गळतीची खरी खूण म्हणजे थंडावा कमी होणं, बारीक पाइपावर किंवा कॉइलवर बर्फ धरणं, जोडाच्या नटाभोवती तेलकट डाग. साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखवता येतात. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, दरवर्षी गॅस भरावा लागत नाही. गळती सापडली, तर जोड दुरुस्त करून, व्हॅक्यूम मारून (पाइपातली हवा काढून), वजनाने गॅस भरायला लावा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काही एसींत प्रोपेन, म्हणजे आर-२९०, असतो. त्यामुळे संशय असला तर खिडक्या उघडा, खोलीत काडी ओढू नका.

धुतल्यानंतर

कॉइल रोज वाळली, तर बुरशी पुन्हा धरायला बराच काळ जातो. झोपून उठल्यावर एसी थेट बंद न करता फॅन मोडवर पंधरा-वीस मिनिटं चालवा. बरेच जण यासाठी ड्राय मोड लावतात. चुकीचं आहे. ड्राय मोडमध्ये कॉम्प्रेसर चालूच असतो आणि कॉइल ओलीच राहते, वाळते ती खोलीतली हवा. नव्या इन्व्हर्टर एसींत ऑटो क्लीन नावाचं बटण असतं, ते एसी बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरवत ठेवतं. ते नेहमी चालू ठेवा. आणि एसीच्या खोलीचं दार उघडं ठेवून बाहेरच्या कूलरची हवा आत घेऊ नका. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी ते काढत बसतो, बिल दोघांचं येतं आणि कॉइल दिवसभर ठिबकत राहते.

ऑक्टोबरच्या शेवटी एसी हिवाळ्यासाठी बंद करताना फॅन मोड दोन-तीन तास चालवा, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवा, मग एमसीबी पाडा. प्लास्टिकचं कव्हर घालायचंच असेल, तर तळ मोकळा ठेवा, आत ओल कोंडली की मार्चमध्ये पहिल्याच दिवशी वास येईल.