पेस्टच्या खोक्यापासून कॅपच्या बिलापर्यंत

दातांच्या बाबतीत आपला हिशोब जरा उलटाच चालतो. दुकानात पेस्ट घेताना माणसं खोके हातात घेऊन निवांत तुलना करत बसतात, तीही पुढच्या बाजूच्या चकचकीत अक्षरांची, आणि क्लिनिकमध्ये मात्र पाचदहा हजारांचं काम तोंडात नळी असताना मान हलवून मंजूर करून टाकतात. हे फिरवायचं. पेस्ट झटपट निवडायची, आणि चौकशा करायच्या त्या खुर्चीत आडवं व्हायच्या आधी.

तर पेस्ट. खोका उलटा करा आणि मागच्या बारीक अक्षरात फ्लोराइड शोधा. सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट असं काहीतरी लांबलचक नाव असतं आणि पुढे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती या मापात, आकडा. आपल्याकडे नियमानेच टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमच्या वर फ्लोराइड घालता येत नाही, आणि किती घातलंय ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. म्हणजे किराणा दुकानातली साधी पेस्ट काय आणि मॉलमधली महागडी काय, दोन्हीवर १००० च्या आसपास आकडा असेल तर किडीविरुद्ध काम करणारा माल तोच, वरचे पैसे चव, फेस, रंग आणि जाहिरातीतल्या पांढऱ्या कोटाचे. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. चव आवडत असेल तर सकाळी ती वापरा, रात्री फ्लोराइडवाली. रात्रीची महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना राखण राहत नाही.

आणि ते ट्यूबच्या शेपटीजवळचे हिरवे, लाल, काळे पट्टे, फॅमिली ग्रुपवर दर दोनचार महिन्यांनी येतं ना की हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे केमिकल, त्यात काही तथ्य नाही. ट्यूब कुठे कापायची, कुठे सील करायची हे कारखान्यातल्या मशीनला कळावं म्हणून ती खूण असते, बस्स. मामांना सांगून फायदा नाही, ते परत पाठवणारच.

मंजन, राखुंडी वगैरेचा मोह असतो घरातल्या मोठ्यांना. खरखरीत पावडर बोटाने घासली की दात स्वच्छ वाटतात खरे, पण एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही. मिश्रीची तर गोष्टच वेगळी, ती भाजलेली तंबाखू आहे, दात घासायचं साधन नव्हेच. टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, तरी गावाकडून एखादी डबी येतेच. आजीला दात गेल्यावरही ती सोडवत नाही याचं कारण सवय नाही, निकोटीन आहे, त्यामुळे नुसतं रागावून भागत नाही, डॉक्टरांशी बोलून सोडवायला लागते.

ब्रश सॉफ्ट घ्या, डोकं छोटं घ्या, म्हणजे शेवटच्या दाढेपर्यंत पोचतो. हार्ड ब्रशने जोर लावून घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात आणि मग थंड पाणी लागलं की कळ जाते. तीनेक महिन्यांनी बदला, केस फाकले तर आधीच. इलेक्ट्रिक ब्रश चांगला असतो, हात थरथरतात किंवा बोटं नीट वळत नाहीत अशांना तर फारच, पण घेण्याआधी त्याची बदलायची डोकी केवढ्याला पडतात ते बघा, प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग तसला प्रकार असतो.

घासायचं दोन मिनिटं, सकाळ-रात्र, ब्रश हिरडीकडे थोडा तिरका धरून हलक्या हाताने. आणि झाल्यावर आपल्याकडे जे खळाखळा चुळा भरण्याचं कौतुक आहे, अख्ख्या वाड्याला कळावं अशा आवाजात, ते बंद करा. फेस थुंकून टाकायचा, पाण्याने धुवून काढायचा नाही, नाहीतर ज्या फ्लोराइडसाठी पैसे मोजले ते बेसिनमध्ये गेलं. सुरुवातीला तोंड चिकट वाटतं, मग सवय होते. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात तेवढी कोणालाच लागत नाही. तीन वर्षांच्या आतल्या पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि घासताना मोठं माणूस समोर हवं, कारण मुलं गोड पेस्ट गिळतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडच्या मुलांसाठी पेस्टचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दोन दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक धागा लागतो, किंवा फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा इवलासा ब्रश. सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी, बसच्या तिकिटाचा कोपरा हे सगळे प्रकार बघितलेत लोकांचे, हिरडीला भोकं पडतात. पहिले काही दिवस फ्लॉस केल्यावर थोडं रक्त येतं आणि लोक घाबरून सोडून देतात, उलट हिरडी सुजलीये म्हणूनच येतं ते, रोज केलं की बहुतेकदा कमी होतं, आठदहा दिवसांत थांबलं नाही तर दाखवा. डायबेटिस असलेल्यांनी तर लवकरच दाखवा, शुगर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, टूथब्रश आणि फ्लॉसवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, माउथवॉशवर मात्र १८ च राहिला, आणि मला विचाराल तर सरकारने नकळत यादी बरोबर लावली.

कारण माउथवॉश रोज लागतोच असं नाही. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा डॉक्टर हिरड्यांसाठी देतात तो औषध म्हणून, सांगितलेल्या दिवसांपुरता. वर्षभर वापरत राहिलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चहाची चवही वेगळी लागायला लागते. आणि तो पेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट खरंच काम करते पण दोनचार आठवडे सलग वापरली तर, आणि एकाच दाढेत कळ येत असेल तर ती पेस्टची केस नाही, ती कीड किंवा चीर असण्याची शक्यता जास्त. कोळशाची पेस्ट आणि लिंबू-सोडा, दोन्ही सोडा.

आता मुख्य खर्चाकडे. दाढेला छोटा खड्डा दिसतोय, दुखत नाही, तेव्हाच जायचं, हा सगळ्यात स्वस्त टप्पा आहे. तिथे सिमेंट भरून काम होतं. तेच कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली की रूट कॅनाल, म्हणजे ती नस काढून आतली पोकळी भरणं, वर दातावर बसवायची कॅप, आणि बिल नीट चार आकडी, कधी पाच आकडीही. ते टाळून दाढ काढली तर काढण्याचे पैसे कमी लागतात पण मग मोकळ्या जागेत शेजारचे दात कलतात, आणि तिथे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर दात) करायचं तर इम्प्लांट पाच आकडीच. लोक फसतात ते मधल्या टप्प्यावर: दाढ ठणकते, मेडिकलवाल्याकडून गोळी आणतात, दोन दिवसांनी दुखणं एकदम थांबतं आणि वाटतं बरं झालं. बरं नाही झालं, बऱ्याचदा नस मेलेली असते आणि खाली मुळाशी पू साठायला सुरुवात होते. लवंगाचं तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन रात्र काढायला ठीक आहे, ॲस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धरू नका, हिरडी भाजते. गालावर सूज, ताप, तोंड उघडेना किंवा गिळता येईना असं झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

क्लिनिक निवडताना पाटीवरच्या डिग्र्यांआधी रजिस्ट्रेशन बघा, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नंबर असायला हवा. मग तपासणी झाल्यावर, काम सुरू व्हायच्या आधी, कागदावर लिहून मागा. कोणती दाढ, काय करायचं, किती सिटिंग, प्रत्येकाचे किती. रूट कॅनालचा रेट सांगतात त्यात कॅप धरलीये का, एक्स-रे धरलेत का, मुळावर आधार उभा करायला पोस्ट लागली तर तिचे वेगळे का, हे नक्की विचारा, कारण "रूट कॅनाल इतक्यात" ऐकून गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा आकडा दुप्पट झालेला असतो आणि डॉक्टरांनी खोटं काहीच सांगितलेलं नसतं. कॅपमध्ये मेटल, मेटलवर सिरॅमिक आणि झिरकोनिया असे प्रकार, किंमत त्या क्रमाने चढते. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, तिथे झिरकोनिया हवीच का हे विचारायला लाजू नका. झिरकोनिया घेतलीच तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागून घ्या. रूट कॅनाल झाल्यावर कॅप "बघू पुढच्या महिन्यात" करत लांबवू नका, तशी दाढ ठिसूळ असते, एखाद्या चिक्कीत तुटते आणि आधीचे पैसेही जातात.

नस काढणं, वाकडे दात सरळ करायच्या तारा, हिरड्यांची सर्जरी अशा कामांना पुष्कळ क्लिनिकमध्ये बाहेरून स्पेशालिस्ट येतात, कोण येणार आणि पुढे काही झालं तर कोण बघणार हे विचारून ठेवा. एक्स-रे आणि ओपीजीची (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेची) कॉपी मोबाइलवर घ्या. एकदम पाचसहा दाढांचं काम सांगितलं तर तीच कॉपी घेऊन दुसरीकडे मत घ्या, परत एक्स-रेचे पैसे नाहीत आणि चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही. धरला तर तेही कळलं.

पैसे कमी असतील तर पुण्यात एक मोठी सोय आहे जी पेठेतल्या लोकांनाही धड माहीत नसते, ती म्हणजे डेंटल कॉलेजं. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील (संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनला उतरायचं). विद्यार्थी काम करतात, वर सर-मॅडम तपासतात, आणि खर्च खाजगी क्लिनिकपेक्षा बराच कमी येतो. किंमत मोजावी लागते ती वेळेची: सकाळी जाऊन केसपेपर काढा, मग एका डिपार्टमेंटमधून दुसऱ्यात, प्रत्येक टप्प्यावर सर येऊन बघेपर्यंत थांबा, क्लिनिकमध्ये दोन सिटिंगमध्ये होणारं काम इथे लांबतं. रिटायर्ड माणूस, कॉलेजची पोरं, सुट्टीवर असलेले, यांना उत्तम. अवघड केस असेल तर पीजीच्या विद्यार्थ्याकडे द्या म्हणून विनंती करता येते. परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसांत मात्र आधी चौकशी करून जा. ससून या सरकारी हॉस्पिटललाही दातांचा विभाग आहे.

मेडिक्लेमवर फार भरवसा ठेवू नका. बहुतेक साध्या पॉलिसीत दातांचं काम अपघातामुळे लागलं आणि ॲडमिट व्हावं लागलं तरच पैसे मिळतात, कीड आणि कॅप त्यात येत नाहीत. ओपीडी कव्हर, म्हणजे ॲडमिट न होता केलेल्या उपचारांचेही पैसे देणारं, असेल तर गोष्ट वेगळी, आणि हिंजवडी-खराडीच्या पुष्कळ कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत ते असतं पण लोक उघडून बघत नाहीत आणि वर्ष संपलं की रक्कम लॅप्स होते. एचआरला एक मेल टाका. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर दातांची तपासणी-उपचार त्यातही होतात, बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. केंद्र सरकारी नोकर-पेन्शनर असाल तर सीजीएचएसची (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची) पॅनलवरची क्लिनिकं बघा.

राहिला ईएमआय. तारा, अलायनर (तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे), इम्प्लांट म्हटलं की रिसेप्शनवरची मुलगी टॅब्लेट पुढे करते, "नो कॉस्ट आहे सर, आधार-पॅन द्या फक्त". फुकट कर्ज कोणी देत नाही. व्याज बहुतेकदा क्लिनिकने सोसलेलं असतं, म्हणजे तुमच्या रेटमध्येच कुठेतरी बसलेलं असतं, म्हणून आधी विचारा की एकरकमी दिले तर किती कमी कराल. प्रोसेसिंग फी वेगळी आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट देणं सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर एका जागी लिहिलेला असतो, तो कागद वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका. आणि एक मुद्दा नीट लक्षात घ्या, कर्जाची रक्कम क्लिनिकला सहसा सुरुवातीलाच मिळते. उद्या उपचार अर्धवट राहिले, डॉक्टर शहर सोडून गेले, तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो आणि चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब. त्यापेक्षा सिटिंगप्रमाणे पैसे देऊ का विचारा, ओळखीची क्लिनिकं सहसा हो म्हणतात, तारांना तर अशीच पद्धत आहे.

पावती दर वेळी घ्या, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला आकडा म्हणजे पावती नव्हे. आईवडील साठीच्या पुढचे असतील, त्यांचा मेडिक्लेम नसेल आणि तुम्ही टॅक्सची जुनी पद्धत घेत असाल तर त्यांच्या उपचारांचा खर्च वर्षाला ५०,००० पर्यंत वजावटीत दाखवता येतो, पण रोख दिलेले धरत नाहीत. तेव्हा आईच्या कवळीचे पैसे यूपीआयने भरा, आणि पावतीवर तुमचं नाही, पेशंट म्हणून तिचं नाव घालायला सांगा.