गॅरेजचं जळकं ऑइल रिसायकलिंगला द्यायचं तर नीट कसं द्यायचं

जळक्या ऑइलचं काय करता असं विचारलं तर बहुतेक गॅरेजवाले सांगतात, भंगारवाला नेतो, नाहीतर सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेतात, कुणी कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून बाटलीभर मागून नेतं. तेच तेल रिसायकलिंगच्या प्लँटला गेलं तर त्यातून परत बेस ऑइल (ज्यात ॲडिटिव्ह घालून नवं ऑइल बनवतात ते मूळ तेल) निघतं, भट्टीत जाळायचं इंधन निघतं आणि तळाला उरलेला काळा चिकटा डांबरात जातो. फक्त प्लँटमध्ये किती चांगला माल निघणार हे बरंचसं आपल्या ड्रमवर ठरतं, म्हणून आधी ड्रमचंच बघू.

ड्रम वेगळा ठेवा, आणि त्यात फक्त इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल एवढंच. कूलंट नको, ब्रेक ऑइल नको, थिनर नको, आणि पार्ट धुतलेलं पेट्रोल तर अजिबात नको कारण थोडंसं पेट्रोल मिसळलं तरी फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते) खाली येतो आणि मग तो ड्रम नेणं, साठवणं, तापवणं सगळंच धोक्याचं होऊन बसतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे क्लोरीन. काही ब्रेक क्लीनर, डीग्रीझरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं (डब्यावर लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही), ते तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं आणि प्लँटचे पाइप, कॉलम खायला लागतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कुणी 'हे पण घ्या' म्हणून आणलं तर सरळ नाही म्हणा, त्यात पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरलेलं विषारी क्लोरीनवालं केमिकल) असू शकतं आणि ते एकदा मिसळलं की तुमचा अख्खा ड्रम वाया.

दुसरी भानगड पाण्याची. ड्रम उघड्यावर उभा ठेवला की पाऊस झाकणावर साचतो, दिवसा ड्रम तापतो रात्री गार होतो आणि गार होताना बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं, बूच घट्ट असलं तरी. म्हणून शेडखाली ठेवा, खाली लाकडी पॅलेट आणि भोवती छोटा कट्टा, म्हणजे गळलं तरी गटारात जाणार नाही.

द्यायच्या आधी दोन टेस्ट घरच्या घरी होतात. तवा चांगला तापवून त्यावर तेलाचा एकच थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. क्लोरीनसाठी तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, गार झाली की तेलात बुडवून परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली तर शंका घ्यायची. दोन्ही गोष्टी मोकळ्या हवेत, ड्रमपासून लांब आणि चष्मा लावून, धूर नाकात घेऊ नका.

आता कागदपत्रं. हे तेल २०१६ च्या हॅझार्डस वेस्टच्या (घातक कचऱ्याच्या) नियमांत येतं, त्यामुळे ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवायचं नाही आणि गाडी भरताना फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे गेला त्याची नोंद) करायचा, त्याची आपली कॉपी मागून घ्यायची. घेणाऱ्याकडे एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ऑथरायझेशन आहे का, मुदत संपली नाही ना, सीपीसीबीच्या (केंद्रीय मंडळाच्या) पोर्टलवर नाव आहे का, एवढं बघाच. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलालाही ईपीआर (माल विकणाऱ्यावर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी) लागू झालाय, म्हणजे नवीन ऑइल विकणाऱ्या कंपन्यांना रजिस्टर्ड रिसायकलरकडून सर्टिफिकेट घ्यावी लागतात, त्यामुळे हिशोबात आलेल्या तेलाची रिसायकलरला गरज आहे आणि भावात थोडी घासाघीस करायला तुम्हाला जागा आहे. बिनकागदाचा माणूस लिटरमागे दोन पैसे जास्त देईलही, पण ते तेल नुसतं गाळून परत चकचकीत डब्यात भरून तुमच्याच गिऱ्हाइकाच्या गाडीत आलं तर शिव्या कुणाला बसणार ते बघा.

प्लँटमध्ये आधी तेल गाळून, तापवून पाणी उडवतात, त्याबरोबर पेट्रोलसारखा हलका भाग निघतो, तो बहुतेक वेळा त्यांच्याच हीटरमध्ये जातो. मग व्हॅक्यूममध्ये डिझेलसारखा भाग निघतो, तो इंडस्ट्रियल इंधन म्हणून जातो. त्यानंतर मुख्य भाग, बेस ऑइल. व्हॅक्यूम कशाला तर साध्या दाबाला हे वंगण तेल उकळायच्या आधीच त्याचे रेणू फुटायला लागतात आणि कोक (कोळशासारखा कडक थर) धरतो, हवेचा दाब काढला की ते कमी तापमानाला उकळतं, शिवाय थिन फिल्म इव्हॅपोरेटर नावाच्या यंत्रात तेल भिंतीवर पातळ थर होऊन थोडाच वेळ तापतं. ॲडिटिव्हमधले जस्त, कॅल्शियमसारखे धातू आणि फॉस्फरस तळाला राहतात. शेवटी रंग-वास काढायला क्ले (खास माती) किंवा हायड्रोजन ट्रीटमेंट. जुन्या पद्धतीत सल्फ्युरिक ॲसिड टाकायचे आणि ॲसिडचा गाळ मागे उरायचा, तो कुठेतरी खड्ड्यात जायचा, असला प्लँट दिसला तर तिथे तेल देऊच नका.

काही ठिकाणी सगळंच इंधन करतात. मग मुद्दाम जास्त तापवून मोठे रेणू फोडतात, पण असं निघालेलं डिझेल काळपट, वासाचं आणि ठेवलं की गोंद धरणारं असतं, ट्रीटमेंट केल्याशिवाय गाडीत घालण्यासारखं नसतं. व्हिडिओ बघून पत्र्याच्या ड्रमखाली लाकडं पेटवून 'घरचं डिझेल' करणारे आहेत, ती वाफ कुठून गळली तर भडका उडतो, आणि त्यातून वाचलात तरी पुढे इंजेक्टर जातो. नुसतं पाणी आणि गाळ काढून फर्नेस ऑइलसारखं जाळणं हा सगळ्यात स्वस्त रस्ता, उष्णता भरपूर मिळते, पण धातू राखेतून आणि धुरातून बाहेर येतात, म्हणून इंधनासाठीही शिसं, सल्फर, हॅलोजन (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं) यांच्या मर्यादा नियमात घातल्यात. मला विचाराल तर बेस ऑइल करणारा जवळ असेल तर त्यालाच द्या, जाळलेलं तेल एकदाच कामाला येतं.

आणि हो, फिल्टर. इंजिन गरम असतानाच काढायचा, वरच्या घुमटाला भोक पाडून जाळीवर रात्रभर उलटा ठेवायचा, बरंच तेल निथळतं. निथळलेलं ड्रममध्ये आणि फिल्टर वेगळ्या पिंपात, त्याचीही विल्हेवाट हॅझार्डस वेस्ट म्हणूनच लावायची.