जाम बोल्टसाठी कोणता स्प्रे घ्यावा, आणि तो कसा मारावा

दुकानात उभं राहण्याआधी एक गोष्ट ठरवा: अडकलेलं सोडवायचंय, की चालू असलेलं चालतं ठेवायचंय? या दोन कामांची तेलं वेगळी असतात. सोडवणारं तेल मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, कारण त्याला नट-बोल्टच्या आट्यांमधल्या फटीत शिरायचं असतं. आत शिरलं की त्यातला सॉल्व्हंट, म्हणजे तेल पातळ करणारा द्राव, उडून जातो आणि मागे तेलाचा पातळ थर उरतो. तेच तेल बेअरिंगवर किंवा फिरत्या भागावर मारलं, तर चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा कुरकुर सुरू. वर आधीचं ग्रीसही धुऊन गेलेलं असतं.

सगळ्यांच्या हाताशी असतो तो डब्ल्यूडी-४०. १९५३ च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगोला तो तयार झाला, तो पृष्ठभागावरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. ॲटलास क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला तो लावत. पावसाळ्यात भिजलेली हत्यारं पुसून त्यावर मारायला तो चांगलाच आहे, हलका जाम झालेला नटही सुटतो. पण वर्षानुवर्षं उघड्यावर गंजलेल्या बोल्टसाठी ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ किंवा ‘रस्ट रिलीज’ असं लिहिलेला डबा वेगळा घ्यावा. त्याच कंपनीने पुढे असे खास प्रकारही काढलेत, त्यामुळे डब्याचा रंग पाहून उचलू नका, खालची ओळ वाचा.

बाकीच्या कामांचं थोडक्यात. बिजागरी, गेटचे सांधे, सरकते लोखंडी भाग यांना पांढऱ्या लिथियम ग्रीसचा स्प्रे. शटरच्या उभ्या पट्ट्यांत मात्र ग्रीस नको, धूळ धरून त्याची पेस्ट होते, तिथे कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे चालतो. रबराच्या बीडिंगला सिलिकॉन, कारण खनिज तेलाने काही रबरं फुगतात. पण शेजारी रंगकाम चालत असेल तर सिलिकॉन शेडमध्ये आणूच नका. त्याचा अंश पत्र्यावर बसला की रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटर तुमच्या नावाने शंख करतो. कुलपात ग्रॅफाइट पावडर, बाईकच्या चेनला चेन ल्यूब.

आता डबा पारखायचा. सेफ्टी डेटा शीट कंपनीच्या साइटवर मिळते. तिच्या भाग ३ मध्ये घटक असतात आणि भाग ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो आकडा. शीट वाचायचा कंटाळा असेल तर काचेचा तुकडा घ्या, त्यावर दोन-तीन स्प्रेंचे छोटे ठिपके मारा आणि धूळ बसणार नाही अशा जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. मग बोट फिरवा. एक ठिपका जवळजवळ कोरडा, एक तेलकट, एक चिकट लागेल. कोणत्या डब्यात सॉल्व्हंट जास्त आणि तेल कमी, ते बोटाला कळतं. किंमत प्रति मिलि काढून बघा, मोठा डबा नेहमी स्वस्त पडतोच असं नाही.

तेल कितीही भारी असो, मारायची पद्धत चुकली तर फुकट. आधी वायर ब्रशने आट्यांवरचा गंज, माती, रंग काढा. त्या थरावर मारलेलं तेल वरच राहतं. मग डब्यासोबत येणारी लाल नळी लावून नट आणि प्लेट जिथे टेकतात तिथे थेंब सोडा, आणि मागे बोल्टचं टोक निघत असेल तर तिथेही. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके मारा, हादऱ्याने गंजाला भेगा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. अर्धा तास थांबा. जुनाट असेल तर रात्रभर, मध्ये एकदा पुन्हा मारून. घाई करणाऱ्याच्या हातात बोल्टचं डोकं येतं.

पाना सहा कोनांचा रिंग किंवा सॉकेट घ्या. बारा कोनांचा लवकर घसरतो आणि डोकं गोल होतं. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबा, ‘कट्ट’ असा आवाज आला की अर्धी लढाई जिंकली. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, असं पुढे-मागे. सरळ जोर लावून फिरवत राहिलात तर गंजाची भुकटी आट्यात अडकते. आणि आटे उलटे नाहीत ना, ते पाहा: सायकलचं डावं पेडल आणि गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनची जोडणी डाव्या आट्याची असते, म्हणजे नेहमीच्या उलट्या दिशेने सुटते.

तरीही हलत नसेल तर उष्णता, पण तेल मारलेल्या जागेवर ज्योत नेऊ नका. तापवायचंच असेल तर आधी सगळं पुसून, कोरडं करून नट तापवा. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) लोखंडी बोल्ट असेल तर हाउसिंग तापवणं छान चालतं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर तर कधीच वेल्डिंग किंवा ज्योत नको. क्लोरीन असलेल्या क्लीनरमधून फॉस्जीन नावाचा विषारी वायू निघू शकतो.

एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून घरगुती मिश्रण करणारे आहेत. काम करतं, पण दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, प्रत्येक वेळी हलवावं लागतं, आणि ॲसिटोन रंग-प्लास्टिक खातो. भाग बुडवून ठेवायचे असतील तर साधं डिझेल पुरतं.

बोल्ट सुटला की आटे पुसून अँटी-सीझ (पुन्हा जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून बसवा. तेल लागलेले आटे कमी जोरात जास्त आवळले जातात, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क, म्हणजे आवळायच्या जोराचा आकडा, तसाच वापरू नका.

ब्रेक डिस्क आणि शू यांच्या आसपास तेलाचा किंवा ग्रीसचा कोणताही स्प्रे नको. ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांना तर तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेट घेऊ शकतं. तिथले आटे जाम असतील तर सिलिंडर पुरवठादाराकडे परत पाठवा.