मिक्सर, कुकर आणि फ्रिज वापरताना या चुका टाळा

खान्देशातील अनेक घरांत मिक्सर चटणीपुरता, कुकर वरण-भातापुरता आणि फ्रिज दूध-भाजीपुरताच वापरला जातो. याच वस्तूंकडून सहज होणारी इतर कामे राहून जातात, किंवा करताना अशी चूक होते की पदार्थ बिघडतो आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

सर्वाधिक चुका मिक्सरच्या बाबतीत होतात. शेवभाजीसाठी भाजलेला कांदा, खोबरे आणि खडा मसाला गरम असतानाच भांड्यात घातल्यास कोंडलेल्या वाफेने झाकण उडू शकते आणि कोरडा मसालाही ओलसर होऊन तळाशी चिकटतो. म्हणून तो ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. दुसरी चूक म्हणजे बटण सलग चालू ठेवणे. शेंगदाणे आणि खोबरे यांत तेल भरपूर असल्यामुळे सतत फिरवल्यास ते सुटते आणि कुटाचा गोळा होतो. बटण उलट्या बाजूला क्षणभर फिरवून सोडण्याची सोय नेमकी यासाठी असते, पण ती फारशी कोणी वापरत नाही. लहान भांड्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मीठ घालून, पाणी न घालता, असे चार-पाच झटके दिले की ठेचा हवा तसा जाडसर राहतो. खलबत्त्याची सर त्याला येत नाही, हे मान्य करावेच लागेल. पण रोजच्या घाईत तो उत्तम पर्याय आहे.

मिक्सर मध्येच बंद पडला, तर लगेच दुरुस्तीला नेऊ नये. बहुतेक मिक्सरच्या तळाशी, ताण वाढल्यास वीज तोडणारे एक छोटे बटण असते. प्लग काढून मोटर गार होऊ द्यावी, भांड्यातील जिन्नस निम्मा करावा आणि मग ते बटण आत दाबावे.

कुकरमध्ये डाळ निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेस वर येऊन वाफेची वाट अडवतो. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडण्याची सवयही सोडावी. आतील तापमान १०० अंशांच्या वरच असल्यामुळे दाब उतरेपर्यंत मटकी-कुळीथ आपोआप शिजत राहतात आणि तेवढा गॅस वाचतो.

भरिताचे वांगे मायक्रोवेव्हमध्ये ठेवताना त्याला टोचे न मारल्यास ते फुटते. तेथे ते मऊ होईल, पण कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा धूर त्यात उतरणार नाही.

बाजरीच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते उन्हाळ्यात लवकर कडवट होते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे आणि लागेल तेवढे काढून डबा लगेच परत ठेवावा, अन्यथा बाहेरच्या गरम हवेतील ओल पिठात शिरते. कच्ची केळी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साधारण १३ अंशांखाली त्यांची साल काळवंडते आणि ती नीट पिकत नाहीत.