गाळा घेण्याआधी मालाचा हिशेब कसा मांडावा

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा नवी मुंबईत तुर्भ्याला गाळा बघायला गेलात की दलाल आधी चौरस फूट सांगतो. त्यावर विसंबू नका, स्वतः टेप लावा. खांब, जिना, ऑफिसचं केबिन वजा करा. उंची तुळईच्या खालून मोजा.

मग मालाकडे वळा. इथे बहुतेक जण सरासरी साठा धरतात आणि फसतात. जागा लागते ती गाडी उतरते त्या दिवशी. समजा, मसाल्याची रोज 40 खोकी जातात आणि ऑर्डर दिल्यापासून माल यायला 6 दिवस लागतात. म्हणजे 240 खोकी वाटेतल्या दिवसांसाठी, वर 2 दिवसांची 80 राखीव. साठा 320 वर आला की ऑर्डर द्यायची. पावसाळ्यात गाड्या रखडतात, अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. तेव्हा राखीव साठा वाढवा.

एका गाडीत 600 खोकी येत असतील तर माल उतरताना जुनी 80 धरून 680 होतात. 1200 बाय 1000 मिमीच्या पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या फळीवर, 24 खोकी बसली तर 29 पॅलेट लागतील. दोनावर दोन रचली तर 15 जागा, प्रत्येकी सुमारे 13 चौरस फूट, म्हणजे 195. वाटांसाठी साधारण तेवढीच जागा आणखी धरा. पॅलेट हातगाडीनेच हलवणार असाल तर सहा-साडेसहा फुटांची वाट पुरते. फोर्कलिफ्टला अकरा-बारा फूट लागतात, आणि छोट्या गाळ्याचं गणित तिथेच कोलमडतं. दोन थर खालच्या खोक्यांना झेपतील का, हेही आधी बघा.

थप्पी भिंतीला टेकवू नका. दीड-दोन फूट सोडा, नाहीतर जुलैत ओल मसाल्यात उतरते. रोज जाणारा माल दाराजवळ, हळू खपणारा मागे. जागा फारच तुटत असेल तर हा मागचा माल भिवंडीच्या गोडाऊनमध्ये ठेवता येतो, भाडं सहसा कमी पडतं; पण तिथून आणायला लागणारा वेळ आणि टेम्पोचा खर्च वरच्या हिशेबात घाला.

आता 'माल आहे का?' या प्रश्नाचं उत्तर. गाळ्यात 300 खोकी दिसतात, त्यातली 90 बुक झालेली, 15 फुटलेली. विकायला 195 उरली. वाटेत असलेली गाडी उतरेपर्यंत यात धरायची नाही. बुक झालेली, फुटलेली आणि विकायला उरलेली, हे तीन आकडे वहीत किंवा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे ठेवा, नाहीतर सेल्समन बुक झालेलाच माल पुन्हा विकतो.

खोक्यावर मुदत संपायची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. आधी संपणारा माल पुढे. जास्त खपाचे आठ-दहा प्रकार दर आठवड्याला हाताने मोजा, बाकीचे महिन्याला. फरक निघाला तर आकडा नुसता दुरुस्त करू नका, त्या काळातली माल आल्या-गेल्याची चलनं काढून बसा.