गाड्या तेवढ्याच, फेऱ्या जास्त: बेळगावच्या बससाठी शहराला काय करता येईल

बससाठीच्या निवेदनाचा मजकूर ठरलेला असतो: अमुक मार्गावर फेऱ्या वाढवाव्यात. डेपोचं उत्तरही ठरलेलं: गाडी नाही, ड्रायव्हर नाही. आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. गाड्या आणि माणसं वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची, त्यांचा कारभार हुबळीहून चालतो. शहराच्या हातात आहे तो रस्ता. म्हणून आधी गाडी नव्हे, गाडीचा वेळ मागा.

हिशेब सोपा आहे. समजा, एका मार्गावर जायला ३५ मिनिटं, यायला ३५ आणि दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबा. एक चक्कर ८० मिनिटांची. चार गाड्या असतील तर दर २० मिनिटांनी एक बस. जाता-येता दहा-दहा मिनिटं वाचली की चक्कर ६० मिनिटांची होते आणि त्याच चार गाड्या दर १५ मिनिटांनी मिळतात. तासाला तीनऐवजी चार. मात्र ही दहा मिनिटं एका जागी सापडत नाहीत. कुठे दीड, कुठे दोन अशी ती गोळा करावी लागतात.

त्यासाठी आधी मोजा. मोबाईल आणि वही घेऊन सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळांत, कामाच्या दिवशी, किमान दहा फेऱ्या करा. तीन रकाने पुरतात: गाडी धावली किती, थांब्यावर उभी किती, अडकली किती. अडकली तर कारण तिथल्या तिथे लिहा: ‘दुहेरी पार्किंग’, ‘रेल्वे गेट’, ‘रिक्षा थांब्यातच’. मध्यवर्ती बसस्थानकावरून टिळकवाडी-उद्यमबागकडे जाणाऱ्या गाडीत हे करून बघा. ‘ट्रॅफिक फार’ या तक्रारीचे पाच-सहा नेमके ठिपके होतात. ठिपक्यावर इलाज करता येतो, ‘फार’वर नाही.

सगळ्यात स्वस्त इलाज थांब्याचा. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर माणसं चढेपर्यंत सिग्नल लाल होतो आणि गाडी दोनदा थांबते. चौक ओलांडून २०-३० मीटरवर न्या. बस १२ मीटर लांब असते, पण १२ मीटर जागा ठेवून भागत नाही. मागेपुढे मोटारी उभ्या असतील तर तिला कडेला घुसायला आणि निघायला तिरकी वाट लागते. एकूण ३५-४० मीटर मोकळे ठेवा आणि पिवळा पट्टा मारा. थांब्यापुढे पाणी साचत असेल तर ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या मध्येच उभी करतो, मागची रांग खोळंबते आणि पट्टा वाया जातो. म्हणून आधी गटाराचा उतार बघा, शेड नंतर. शेडचं छप्पर किमान दोन मीटर खोल हवं आणि पश्चिमेची बाजू बंद, नाहीतर बेळगावच्या पावसात आतला माणूसही भिजतो. फलकावर मार्गाचा क्रमांक मोठ्या आकड्यात टाका. आकडा सगळ्यांना वाचता येतो आणि भाषेचा वादही त्यावर उभा राहत नाही.

थांबे हलवताना कुणाकडे जायचं हे गल्लीगणिक बदलतं. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, बाकी बऱ्याच रस्त्यांवर महापालिका, काही ठिकाणी सार्वजनिक बांधकाम खातं. पार्किंग रहदारी पोलिसांकडे. एकाच अर्जाच्या प्रती सगळ्यांना द्या आणि प्रत्येकाच्या हातातलं काम वेगळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मालाच्या टेम्पोंना गर्दीच्या दोन तासांत बंदी घालायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ बघा. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. तेव्हा आधी महिनाभराची चाचणी मागा. व्यापाऱ्यांना ‘कायमची बंदी’ ऐकवली की पहिल्याच बैठकीत विषय संपतो.

तिकिटातही वेळ जातो. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांचा प्रवास मोफत आहे, पण शून्य रकमेचं तिकीट द्यावं लागतं, ओळखपत्र बघावं लागतं. दाटलेल्या गाडीत कंडक्टर मागे पोहोचेपर्यंत पुढचा स्टेज, म्हणजे भाड्याचा टप्पा, येतो आणि तिकिटं पुरी होईपर्यंत बस उभी. गर्दीच्या एक-दोन थांब्यांवर सकाळी एक कंडक्टर जमिनीवर उभा करून गाडी येण्याआधीच तिकिटं द्यायला सांगा. कॉलेजसमोरच्या थांब्यावर याचा फरक लगेच जाणवतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रस्ता मोकळा झाला, बस लवकर पोचू लागली, आणि वेळापत्रक तेच राहिलं. मग ड्रायव्हर वाटेत रेंगाळतो किंवा टोकाला पंधरा मिनिटं चहा घेतो. प्रवाशाला काहीच मिळालं नाही. म्हणून महिनाअखेर पुन्हा दहा फेऱ्या मोजा, आकडे घेऊन डेपो मॅनेजरला भेटा आणि नवं शेड्यूल लिहूनच घ्या. सगळा वाचलेला वेळ फेऱ्यांत घालू नका. चक्करीच्या दहा टक्के तरी मोकळे ठेवा, नाहीतर एक गाडी उशिरा झाली की पुढे दोन बस पाठोपाठ आणि मग अर्धा तास एकही नाही.

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, प्रश्न वेगळा. तिथे सगळी मदार वस्तीच्या गाडीवर असते. रात्री मुक्काम, पहाटे शहराकडे. ती टिकवणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे. ड्रायव्हर-कंडक्टरला कडी लागणारी खोली, पाणी, संडास आणि मोबाईल चार्ज करायला प्लग द्या. गाडी रिव्हर्स न घेता वळायला साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तिथे वाळूचा ढीग किंवा ट्रॅक्टर नको. वाटेवरच्या फांद्या पावसाआधी साडेचार मीटर उंचीपर्यंत छाटा. लोंबणाऱ्या तारांसाठी हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, लेखी अर्ज द्या आणि पोचपावती पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) ठेवा.