चौकाचं ज्ञान संगणकात कसं उतरवायचं: नागपुरात शहरसुरक्षेच्या तर्कप्रणालींवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं-मुली प्रकल्पाचा विषय घेऊन भेटायला येतात. आराखडा बहुतेक वेळा ठरलेला असतो. चौकात कॅमेरा, त्यावर चित्र ओळखणारं मॉडेल, आणि पाणी साचलं किंवा अपघात झाला की मोबाईलवर सूचना. मी एवढंच विचारते की सूचना कोणाच्या मोबाईलवर जाणार, आणि ती वाचून त्या माणसानं नेमकं काय करायचं?

आमचं काम इथून सुरू होतं. ‘रस्त्यावर पाणी आहे’ हे मॉडेल सांगेल. पण तो रस्ता कोणत्या दवाखान्याकडे जातो, पंप कोणत्या विभागाचा, वाहतूक कुठून वळवायची, वळवलेल्या रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे का, हे त्या चित्रात कुठेच नसतं. ते लोकांच्या डोक्यात असतं, परिपत्रकांत असतं, झोन कार्यालयातल्या तक्रारवहीत असतं. हे सगळं तथ्यं आणि नियम म्हणून लिहून काढायचं आणि त्यावरून संगणकाला निष्कर्ष काढायला लावायचे, याला ज्ञानाधारित तर्कप्रणाली म्हणतात. गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत मी काही वर्षं हेच करते आहे. या वाटेनं येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी २०२३ च्या सप्टेंबरबद्दल. २२ तारखेच्या रात्री सुरू झालेल्या पावसानं २३ च्या पहाटेपर्यंत काही तासांत १०० मिलिमीटरचा आकडा ओलांडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या, सीताबर्डीतली दुकानं पाण्याखाली गेली, आणि लोकांना बाहेर काढायला एनडीआरएफ-एसडीआरएफसोबत लष्करही उतरलं. नागपुरात या विषयावर काम करणाऱ्या कोणाच्याही मनातून ती रात्र जात नाही. जाऊही नये.

आता त्या रात्रीकडे नियम लिहिणाऱ्याच्या नजरेनं पाहा. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’ आणि ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अतिजोरदार’ पाऊस. म्हणजे दिवसभर रिपरिप करत पडलेले १०० मिलिमीटर आणि चार तासांत कोसळलेले १०० मिलिमीटर एकाच रकान्यात येतात. हवामानाच्या नोंदीसाठी ही वर्गवारी योग्यच आहे, ती त्यासाठीच केलेली आहे. पण ती उचलून ‘जोरदार पाऊस असेल तर रस्ता बंद करा’ असा नियम लिहिला, तर तो नालीच्या क्षमतेबद्दल काहीच सांगत नाही. दुसऱ्याचा उंबरठा, म्हणजे मर्यादेचा आकडा, आपल्या नियमात घेण्याआधी तो कशासाठी ठरवला होता हे शोधायचं, ही या कामातली पहिली सवय. पुराच्या नियमात तासाचा पाऊस लागतो, तलावाची पातळी लागते, नदीची पातळी लागते.

आणि या तिन्हींनीही भागत नाही, हे मला एका सफाई जमादारानं शिकवलं. नदीकाठच्या एका गल्लीत आम्ही पातळी मोजायचं उपकरण कुठे लावावं ते बघत होतो. तो म्हणाला, “भाऊ, ताई, पाऊस पडते तेव्हा इथं काई नाई होत. पाऊस थांबला की मग पाणी चढते.” कारण सरळ होतं. गल्लीची नाली नदीत उतरते. वरच्या भागातलं पाणी उशिरा नदीत पोचतं, नदीची पातळी नालीच्या मुखाच्या वर जाते आणि पाणी उलटं फिरतं. त्याच्या त्या दोन वाक्यांतून आमचा सगळ्यात मोलाचा नियम तयार झाला: नदी नालीच्या मुखाच्या वर असेल आणि गल्ली त्या नालीला जोडलेली असेल, तर पाऊस थांबला तरी गल्लीचा धोका उतरवू नये. कोणत्याही कॅमेऱ्यानं हे सांगितलं नसतं. म्हणून माझा आग्रह असतो की लॅपटॉप उघडायच्या आधी अशा माणसांकडे जा. कनिष्ठ अभियंता, जमादार, चौकातला वाहतूक हवालदार, नियंत्रण कक्षात रात्रपाळी करणारे. त्यांना ‘नियम सांगा’ असं विचारलं तर ते गप्प होतात. ‘मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा आधी काय केलं?’ असं विचारलं की तासभर बोलतात. नियम त्या बोलण्यातून आपण वेचायचे आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवायचे.

मग येतो नावांचा गुंता. अंबाझरी नावाचा तलाव आहे, लेआऊट आहे, उद्यान आहे, पोलीस ठाणं आहे, रस्ताही आहे. नागरिकाच्या तक्रारीत फक्त ‘अंबाझरीला पाणी’ असं लिहून येतं. महापालिकेचे १० झोन आहेत, पोलिसांचेही झोन आहेत, आणि दोघांच्या सीमा जुळत नाहीत. नरेंद्रनगरच्या आरयूबीत, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी भरतं हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे, पण तिथे वरून रेल्वे जाते, खालून शहराचा रस्ता जातो, आणि वाहतूक पोलीस थांबवतात. एका जागेशी तीन यंत्रणा जोडलेल्या, तीन नात्यांनी. ही नाती नीट मांडणं म्हणजे ऑन्टॉलॉजी. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळख द्यायची, तिचा प्रकार सांगायचा, कोण कशाला जबाबदार ते जोडायचं. सगळं स्वतःच्या मनानं रचायची गरज नाही. उपकरणं आणि त्यांची निरीक्षणं यांसाठी डब्ल्यूथ्रीसी आणि ओजीसी या वेबची आणि नकाशा-माहितीची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थांनी २०१७ साली सोसा-एसएसएन ही मांडणी प्रमाणित केली आहे, नकाशावरच्या नात्यांसाठी जिओस्पार्कल आहे. तयार असलेलं घ्या आणि आपलं शहर त्यात बसवा.

सरकारी व्याख्या नियमात उतरवणं हा उत्तम सराव आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ब्लॅक स्पॉटची व्याख्या घ्या: राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथे गेल्या ३ कॅलेंडर वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले. वाचायला सोपी. लिहायला बसा, मग कळतं. ५०० मीटर कुठून मोजायचे? रस्त्याचे आधीच ठरावीक तुकडे पाडले, तर सीमेच्या अलीकडे ३ आणि पलीकडे २ अपघात पडतात आणि जागा सुटते, म्हणून सरकती खिडकी लागते, म्हणजे ५०० मीटरची पट्टी रस्त्यावरून पुढे सरकवत मोजावं लागतं. अपघाताची जागा नोंदीत ‘पेट्रोल पंपासमोर’ अशी असेल तर ती बिंदू धरायची की पट्टा? एकाच अपघातात अनेक मृत्यू झाले तर दुसरी अट आधी पुरी होऊ शकते. हे प्रश्न सोडवताना तुम्हाला स्थळ-काळाच्या तर्काची गरज पटते, आणि मग संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलनचं १९८३ सालचं कालखंडांचं बीजगणित, त्यातली १३ नाती, पुस्तकी वाटत नाहीत. शिवाय ही व्याख्या माणसं दगावल्यावर किंवा गंभीर जखमी झाल्यावरच लागू होते. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पानं दुसरी बाजू घेतली: शहर बसगाड्यांत चालकाला सावध करणारी उपकरणं बसवली आणि त्या इशाऱ्यांवरून ‘ग्रे स्पॉट’, म्हणजे अजून ब्लॅक स्पॉट न झालेल्या पण त्या वाटेवर असलेल्या जागा शोधायचं ठरवलं. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो.

उन्हाचंही तसंच. हवामान खात्याच्या व्याख्येत, मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट. थेट ४५ अंश गाठले तरी लाट, ४७ ला तीव्र लाट. उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे व्हावं लागतं आणि जाहीर दुसऱ्या दिवशी होतं. विदर्भातल्या माणसाला हे आकडे नवे नाहीत. पण गिट्टीखदानच्या बांधकामावर काम करणारी बाई पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडू शकते. म्हणून ‘लाट जाहीर होणं’ आणि ‘धोका असणं’ या तुमच्या मांडणीत दोन वेगळ्या गोष्टी हव्यात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. एखाद्या वस्तीतून तक्रार आली नाही, याचा अर्थ तिथे पाणी नाही असा होत नाही. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातून ॲपवर फोटो पटापट येतात. नाग नदीच्या, पिवळी नदीच्या काठच्या कित्येक वस्त्यांतून येत नाहीत. रात्री मोबाईल चार्ज नसतो, ॲप ठाऊक नसतं, किंवा तक्रार करून काही होईल असं वाटत नाही. नेहमीच्या डेटाबेसचा हिशेब असा की जे नोंदलेलं नाही ते खोटं. या हिशेबानं प्रणाली चालवली तर सगळे पंप आवाज करणाऱ्या भागात जातात. तर्कशास्त्रात याला बंद जगाचं गृहीतक म्हणतात. आउल या ऑन्टॉलॉजी-भाषेत उलट, खुलं जग धरलेलं असतं: न सांगितलेलं ते अज्ञात. नियमांवरून उत्तर शोधणाऱ्या क्लिंगोसारख्या साधनात दोन नकार वेगवेगळे लिहिता येतात, ‘पाणी असल्याचं सिद्ध होत नाही’ आणि ‘पाणी नसल्याचं सिद्ध आहे’. हा फरक परीक्षेत दोन गुणांना येतो. शहरात त्यावर कोणाच्या घरी मदतीची बोट आधी पोचते ते ठरतं. आमच्या प्रणालीत नदीकाठची जी वस्ती ठरावीक वेळ अज्ञात राहते, तिथे माणूस पाठवून खात्री करा अशी सूचना आपोआप निघते. नवीन मुलांना मी सगळ्यात आधी हाच नियम लिहायला देते.

अनेक यंत्रणा एकत्र आल्या की त्यांचं म्हणणं जुळेलच असं नाही. उपकरण म्हणतं पातळी वाढली, हवालदार म्हणतो रस्ता चालू आहे, नागरिकाचा फोटो कालचा असू शकतो. यांतलं एक ‘खरं’ मानून बाकीचं पुसून टाकू नका. प्रत्येक विधानासोबत कोणी सांगितलं, कधी, कशावरून, हे ठेवा, आणि ताज्या, प्रत्यक्ष पाहणाऱ्या स्रोताला वजन देण्याचे नियम वेगळे लिहा. इशारा बाहेर पाठवताना कॅप (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल) हा प्रमाणित साचा वापरतात. त्यात निकड, तीव्रता आणि खात्री असे तीन वेगळे रकाने आहेत. तीव्रता मोठी पण खात्री कमी, असा इशारा त्यात प्रामाणिकपणे देता येतो.

सगळ्यात मोठी कसोटी रात्रपाळीच्या अधिकाऱ्याच्या एका प्रश्नात असते: ‘हे कशावरून?’ स्टॅनफर्डला १९७० च्या दशकात मायसिन नावाची प्रणाली झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवणारी, सुमारे ६०० नियमांची. तिला डॉक्टर ‘का?’ असं विचारू शकत आणि ती वापरलेला नियम दाखवी. आज चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेलं असताना हे जुनं तंत्र कशाला, असं विद्यार्थी विचारतात. परिपत्रक वाचून नियमाचा कच्चा मसुदा करायला भाषा-मॉडेल छान मदत करतं, मी वापरते. पण रस्ता बंद करण्याचा निर्णय नियमातूनच निघावा, जो उद्या कोणालाही वाचता येईल आणि ज्याखाली तो कोणी, कोणत्या तारखेला मान्य केला हे लिहिलेलं असेल.

अभ्यासाचं म्हणाल तर विविक्त गणितातलं तर्कशास्त्र पक्कं करा, मग नियम लिहायला प्रोलॉग किंवा क्लिंगो. क्लिप्सही चालेल, ते नासात १९८५ साली तयार झालं आणि अजून वापरात आहे. ऑन्टॉलॉजीसाठी प्रोटेजे मोफत मिळतं. नकाशांसाठी क्यूजीआयएस शिकाच, ते टाळून या क्षेत्रात पुढे जाता येत नाही. कंपन्यांत जावा आणि त्यावर चालणारं ड्रूल्स हे नियमांचं साधन जास्त दिसतं, ते नोकरीवर शिकता येतं.

एक मर्यादा मात्र मनाशी पक्की ठेवा. शहरात हजारो कॅमेरे आहेत, आणि तर्कप्रणालीची ताकदच अशी की दोन निरुपद्रवी नोंदी जोडून ती तिसरी, कोणाच्या खासगी आयुष्याची, काढू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. दोन्ही वाचा. पूर, ऊन, खड्डे, धोक्याची वळणं यांचे नियम जागांबद्दल लिहिता येतात. त्यांत चेहरा लागत नाही, गाडीचा नंबर लागत नाही. जो नियम माणसाची ओळख मागतो, त्याची गरज लिहून सिद्ध झाल्याशिवाय तो आम्ही प्रणालीत घेत नाही.

नागपुरात या कामाला माणसं आणि संस्था आहेत. व्हीएनआयटीच्या आवारात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. शहरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, ट्रिपल आयटी आहे, अग्निशमन महाविद्यालय आहे, सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करायला राज्यानं २०२४ मध्ये मार्व्हलही इथेच उभारलं. मुलाखतीला येताना मोठ्या प्रकल्पाचं सादरीकरण आणू नका. एक चौक किंवा एक आरयूबी घ्या. मे महिन्यात तिथे जा, दुकानदारांना भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, नाली कुठे उतरते ते चालत जाऊन पाहा. वीसेक नियम लिहा. मग २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्यांतून तासातासाच्या घटना काढून त्या नियमांतून चालवा आणि प्रणालीनं कोणती सूचना कधी दिली असती, कोणती दिलीच नसती, ते एका पानावर मांडा. ते पान घेऊन या. आमच्याकडे प्रश्न त्या पानावरूनच विचारले जातात, आणि ‘दिलीच नसती’ या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो.